दादाचं उधळतं काळीज

दादा भेटला की आधी मनगट धरायचा, बोलणं नंतर. रामराम नाही, कसं काय नाही. तुमच्या अंगठ्याखाली बोटं टेकवायची, मान कलती करायची आणि डोळे मिटायचे. आपण आपले उभे. मग डोळे उघडून म्हणायचा, "तुझं सरळ हाय." हे असं काही म्हणायचा, की आपण त्याच्या वाट्याचं खाऊन बसलोय की काय असं वाटावं. एसटीत एकदा त्यानं कंडक्टरचाच हात धरला. कंडक्टरला वाटलं, म्हातारा भविष्य बघतोय. तो म्हणाला, "बाबा, माझी बदली कधी होईल तेवढं सांगा." दादा म्हणाला, "बदलीचं मला काय ठावं? पर काळीज बेस चालतंय तुझं." सगळी गाडी हसली. दादा मात्र हसला नाही. तो दुसऱ्याच हिशोबात होता.

हा दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. सगळ्या गावाचा तात्या, मी एकटीच दादा म्हणणारी. पालीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमचं माहेर. घरात पहिल्यापासून मेंढरं. मी लग्न होऊन बीडला आले आणि इथंच म्हातारी झाले. दादा मेंढरांमागं राहिला. हे मनगटाचं वेड त्याला जन्माचं नव्हतं हो. साठी उलटल्यावर त्याच्या काळजाची चाल बिघडली, तेव्हापासून ते लागलं. आपलंच असं का, बाकीच्यांचं कसं, हे त्याला बघायचं असायचं. माणसं संपली की मेंढरं. मेंढीच्या मागच्या मांडीत आतून बोटं घालून नाडी बघत बसायचा, आणि वहिनी चुलीपासून ओरडायची, "वन्सं, तुमच्या भावाला आता मेंढरांचा दवाखाना काढून द्या!"

पहिल्यांदा झालं तेव्हा तो तळ्यावर मेंढरं धूत होता. कातरणीच्या आधी मेंढरं पाण्यात घालून चोळून काढतात, म्हणजे लोकर स्वच्छ निघते. तर कमरेइतक्या पाण्यात उभा असताना एकाएकी छातीत गलका झाला. मला सांगताना म्हणाला, "सुंदे, लांडगा दिसला की मेंढरं कशी उधळत्यात? येक हिकडं, येक तिकडं, येक जागच्या जागीच उड्या मारती. तसं झालं बघ आत. मी छातीवर हात ठिवला आन् म्हणलं, हो हो हो." मेंढरांना थोपवताना म्हणतात तसं त्यानं आपल्याच काळजाला हो हो म्हटलं. आणि काय सांगू, घटकाभरानं ते थांबलंसुद्धा.

सगळा घोळ इथंच सुरू झाला. कारण ते आपलं आपण यायचं आणि आपलं आपण जायचं. मग त्या वेळी ज्यानं जे केलं असेल, त्याला त्याचं श्रेय. गावातल्या डॉक्टरनं पित्ताचं औषध दिलं, थोड्या वेळानं छाती थांबली. दादा म्हणाला, पित्तच होतं. पुढच्या वेळी वहिनीनं मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, छाती थांबली. वहिनी म्हणाली, नजरच होती. एकदा शेजारच्यानं थंड पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला, तेव्हाही थांबली. तो शेजारी अजून सांगत फिरतो. मला आजही विचाराल तर त्या घरात खोटं कोणीच बोलत नव्हतं. ज्याला त्याला आपल्या डोळ्यांनी दिसलेलं होतं.

शेवटी मी त्याला बीडला बोलावून घेतलं. इथं एक डॉक्टरीणबाई आहेत, हृदयाच्या. वयानं माझ्या सुनेएवढ्या असतील. पण दादा एसटीतून उतरून तिथं पोचेपर्यंत काळीज शहाण्यासारखं चालायला लागलेलं असायचं. बाई छातीला वायरी लावून ठोक्यांची पट्टी काढायच्या आणि म्हणायच्या, "पट्टी तर चांगली आहे, बाबा." दोन-तीनदा असं झाल्यावर दादा शरमला. मला म्हणाला, "सुंदे, त्या पोरीला वाटत असंल म्हातारा सोंग करतोय." मग एकदा माझ्याच घरी, जेवता जेवता, हातातला घास ताटात ठेवून तो म्हणाला, "आलं बघ." मी त्याला खरकट्या हातानंच ऑटोत घातलं. पट्टी निघाली, बाईंनी ती बघून मान डोलावली, "सापडलं." आणि दादा खुदकन हसला! बाई म्हणाल्या, "बाबा, हसताय काय? आजार आहे हा." दादा म्हणाला, "आसू द्या की. खोटा तर न्हाई ठरलो!"

बाईंनी चांगलं समजावून सांगितलं, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात, म्हणून ठोके वेडेवाकडे पडतात. एक गोळी दिली चाल आवरायला. दुसरी दिली रक्त पातळ ठेवायला. म्हणाल्या, "थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून त्याची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. ही दुसरी गोळी तुमची धडधड थांबवणार नाही. तिचं तुम्हाला काही जाणवणारच नाही. पण ती चुकवायची नाही. काही कापलं, रक्त थांबेना झालं, तर मला विचारा. मनानं बंद करू नका." दादानं मान हलवली. मीही हलवली. दोघांनाही कळलं, असं दोघांनाही वाटलं.

काही महिने छाती गुमान राहिली. दादानं तंबाखू त्याच दिवशी सोडली होती. चहा कमी करा म्हटलं होतं, तर कप सोडला आणि बशी धरली. दिवसातून किती बश्या ते वहिनीलाच माहीत. मग एक दिवस त्याचा फोन आला. आवाज असा, जसं कोणी कळपातली मेंढी पळवली. "सुंदे, गोळ्या खोट्या हायत. परत आलं." आलो आम्ही पुन्हा बाईंच्या पुढं. दादा बसलासुद्धा नाही खुर्चीत.

"बाई, रोज गोळी खातो. येक दिस चुकविली न्हाई. तरीबी आलं. मंग खायाची कावून?"

"बसा आधी. पूर्वी कितीदा यायचं?"

"लई येळा."

"आता?"

दादा विचारात पडला. "कमी. पर येतंच की!"

"आणि आलं की किती वेळ राहतं?"

"दूध तापून वर येईस्तवर."

"पूर्वी?"

"पूर्वी कदी कदी दिस मावळायचा."

"मग गोळी काम करतेय, बाबा."

"काम करती, तर येतं कावून?"

बाई हसल्या, पण त्या हसण्यात वैताग नव्हता. त्या म्हणाल्या, हे दुखणं काही जणांचं पूर्ण जात नाही. कमी करायचं, आवरून धरायचं, आणि त्यापासून मेंदूला जपायचं. गोळी वाढवून बघितली, तर दादाला उभं राहिलं की भोवळ यायला लागली. मग ती बंद करून तिच्या जागी वेगळी दिली, तिच्यासाठी रक्त तपासलं. मांडीच्या शिरेतून नळी घालून करायचा एक उपाय मोठ्या शहरात असतो, तोही सांगितला. दादा म्हणाला, "आन् मेंढरं कुणाकडं टाकू?" बाई म्हणाल्या, "बरं, तूर्त गोळ्यांवर राहू, पण विचार करा." दादा विचार करतो म्हणाला, आणि त्यानं विचार केलाही असेल.

मला काही समजेना. आपल्याला ताप येतो, गोळी घेतो, ताप जातो, गोळी बंद होते. इथं दुखणं येऊन जाऊन, आणि गोळी मुक्कामाला. दादाला गोळी लागू पडली होती का नव्हती? बाई म्हणायच्या पडली. दादाची छाती म्हणायची नाही. मी दोघांच्या मधे बसून दोघांनाही हो म्हणायची. तिथंच एकदा दादानं नाडीचा विषय काढला. म्हणाला, "बाई, मेंढराची नाडी माणसापेक्षा लई पळती असती. ती कुठं गोळ्या खात्यात?" बाईंनी टेबलावर बोटानं ठेका धरला, जलद पण एकसारखा. "मेंढराची अशी पळते." मग बोटं कशीही आपटली. "तुमची अशी." दादा त्या टेबलाकडे बघतच राहिला. घरी येताना ऑटोत गुडघ्यावर तो तसंच आपटून बघत होता.

आता कातरणीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं कातरणीला मजूर लावत नाहीत. ज्याचा कळप कातरायचा असेल त्याच्याकडं सगळे भाऊबंद आपापली कातर घेऊन येतात, मग दुसऱ्याच्या दारी जातात. घरवाल्यानं जेवू घालायचं. त्या सगळ्यांत दादाचा हात देखणा. मेंढीचे पाय गुडघ्याखाली दाबले की तिला कळायच्या आत अख्खी लोकर रजईसारखी उलटून पडायची. कळपातली पहिली मेंढी घरच्या थोरल्यानं कातरायची, आणि तिची पहिली मूठभर लोकर बिरोबापुढं ठेवायची. तिच्यावर डाग नको. आणि रक्ताचा तर नकोच नको.

कातर म्हटली की बोट कापणारच. आधी कापायचं, दादा चोखायचा, कामाला लागायचा. रक्ताची गोळी सुरू झाल्यावरच्या कातरणीला अंगठ्याला जरासं लागलं, तर रक्त थांबेचना. हळद भरली, चिंधी बांधली, ती भिजली. पांढरी लोकर लाल व्हायला लागली. भाऊबंदच ते, गप्प कशाला बसतात? एकजण म्हणाला, "तात्या, कातरायलाय का बोकड कापायलाय?" सगळे हसले. दादाही हसला म्हणे. पण कातर खाली ठेवून तो बाजूला जाऊन बसला, आणि त्या दिवसाची उरलेली मेंढरं हरीनं, त्याच्या मुलानं, कातरली.

पुढची कातरणी जवळ आली तेव्हा दादानं ती गोळी बंद केली. पहिली चालू ठेवली, दुसरी बाजूला काढली. मला हे मागाहून वहिनीकडून कळलं. वहिनीनं विचारलं होतं त्याला. तर म्हणाला, "धडधडीची खातोय की. ही दुसरी आपली उगंच हाय. हिनं काय होतंय ते दिसतंय का तुला? मला तर न्हाई दिसत. कातरणी उरकली की परत सुरू करतो." वहिनी तरी काय म्हणणार? जी गोळी धडधड आवरायची ती त्याला कळत होती. जिचं काही कळतच नाही, तिच्यासाठी देवाच्या लोकरीला डाग कोण लावून घेईल? आणि एवढ्याशा बोटासाठी बीडला विचारायला जायचं, हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार.

त्या सकाळी छाती एकदम शांत होती. हरी बापाला आबा म्हणतो. तो सांगतो, आबानं दारातच म्हटलं, "आज कळप गुमान हाय." पहिली मेंढी कातरली. बोटाला जरा लागलं, रक्त आलं आणि लगेच थांबलं. लोकर पांढरीशुभ्र. मूठभर नेऊन देवापुढं ठेवली, परत येऊन दुसरी मेंढी गुडघ्याखाली घेतली आणि हातातली कातर पडली. उचलायला गेला, पुन्हा पडली. भाऊबंदांना वाटलं, तात्या थट्टा करतोय. मागच्या वेळचं उट्टं काढतोय. मग मेंढी उठून पळाली आणि दादा तिच्याकडे बघत तसाच बसून राहिला. तोंड एका बाजूला गेलं होतं.

जीपमधून त्याला बीडला आणला. मी दवाखान्यात पोचले तर डॉक्टरीणबाई बाहेरच उभ्या. मेंदूत गुठळी गेली होती. गोळी बंद केल्याचं वहिनीनंच रडत सांगितलं. बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या भिंतीला टेकल्या.

मी म्हटलं, "पण छाती तर शांत होती हो त्या दिवशी. इतकी वर्षं उधळली, तेव्हा काही झालं नाही, आणि गप्प होती तेव्हा..."

"मावशी, शांत वाटत होती. न जाणवताही ती थरथरू शकते. आणि गुठळी आधीच होऊन बसलेली असू शकते."

"गोळी घेतली असती तर टळलं असतं?"

"टळायची शक्यता बरीच होती. नक्की टळलं असतं, असं मी नाही सांगू शकत."

हे वाक्य मी किती वेळा मनात उलटंसुलटं केलं असेल! नक्की नाही, पण बरीच. हे धरायचं कुठून? कोणी म्हणालं असतं, गोळी सोडली म्हणूनच झालं, तर मी भांडले असते. कोणी म्हणालं असतं, नशिबात होतं, तर मी रडून मोकळी झाले असते. या दोहोंच्या मधे मला बसताच येईना.

दादा जगला. चालायला लागला, पाय ओढत. उजवा हात मात्र गेल्यातच जमा, आणि शब्द पांगले. पाणी हवं असलं की "कातर" म्हणायचा. हरीला वहिनीच्या नावानं हाक मारायचा. मला काय म्हणायचं ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. नुसता "ए, ए" करायचा आणि डोळे भरून यायचे. पण गोळ्या! दोन्ही गोळ्या डाव्या हातानं स्वतः उचलून खायचा. वहिनीला उशीर झाला की ताटलीवर बोट आपटायचा. आणि एवढं करूनही ते मधूनमधून यायचंच. तो छातीवर पंजा ठेवायचा, आणि वहिनी भाकरी थापता थापता त्याच्या वतीनं म्हणायची, "हो हो हो." मला हसावं का रडावं कळायचं नाही. मनगटं धरणं त्यानं सोडून दिलं होतं.

त्यानंतर एक कातरणी त्यानं पाहिली. पुढच्या थंडीत तो झोपेतच गेला. काळजानं गेला की वयानं गेला, गोळ्या पुरल्या की कमी पडल्या, बाईंनाही खात्रीनं सांगता आलं नाही, आणि मी फारसं विचारलंही नाही. पण त्या शेवटच्या कातरणीला मी मुद्दाम माहेरी गेले होते, ती सांगायलाच हवी.

दादाला बाजेवर बसवलं होतं, अंगावर घोंगडं. थोरला असून कातर धरता येईना, म्हणून पहिली मेंढी हरीनं घेतली. भाऊबंद गोल करून बसलेले. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत म्हणून म्हणा की बाप बघतोय म्हणून म्हणा, हरीचा हात चुकला. बोट चांगलंच कापलं. त्यानं बोट झटकलं आणि जी मूठभर लोकर देवासाठी काढली होती, तिच्यावरच रक्त उडालं. कोणी थट्टा केली नाही. हरीनं ती लोकर मांडीखाली सारायला बघितलं, दुसरी मूठ घ्यायला कातर पुढं केली.

तेवढ्यात बाज करकरली. दादा उठत होता. वहिनी धावली, तर त्यानं तिला हातानं दूर केलं. पाय ओढत हरीपाशी आला, वाकला, डाव्या हातानं ती डाग पडलेली लोकर मांडीखालून ओढून काढली. तिच्याकडं बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता फेकणार. त्याचे ओठ हलायला लागले, शब्द शोधताना हलायचे तसे. आम्ही वाट बघत राहिलो. आणि लकवा झाल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडून अख्खं, सरळ वाक्य आलं:

"धुतलं की जातंय."

हरीला म्हणाला, की देवाला म्हणाला, की आणखी कुणाला, कोण जाणे. मग लाल झालेली ती लोकर तशीच घेऊन गेला आणि बिरोबापुढं ठेवली.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं: दादा, मग तेव्हा रे? तेव्हा गोळी कावून बंद केलीस? मी दोन पावलं पुढंही झाले. पण तो परत येऊन बाजेवर टेकला होता, घोंगडं सारखं करत होता, आणि हरीला डाव्या हातानं खूण करत होता, की बसलास काय, दुसरी घे.